पालकांच्या ताब्यात

रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन 11.2 निघालं आणि त्या दिवसापासून माझं घर पालकांच्या ताब्यात गेलं. एक पालक म्हणजे माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. दुसरा जुडीने येतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण आमच्या घरात गोळीला तेवढा मान नाही. "गोळ्या घे हवं तर, पण रक्त वाढतं ते पालेभाजीनं," आईनं निकाल दिला.

शुक्रवारी आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात शिरलो की माझे पाय आपोआप नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, बाजूला वळतात. बायकोनं बाही धरली. "अहो, इकडे." मी म्हटलं, तांबडी भाजी घेऊ, आपली गावठी आहे, वर ओलं खोबरं पेरलं की दोन घास जास्त जातात. पण शेजारच्या काकूंनी पालकच सांगितला होता, आणि काकूंच्या शब्दाबाहेर आमचा बाजार जात नाही. तीन जुड्या पिशवीत आल्या. बेळगावहून घाट उतरून आलेला माल, तिथल्या मातीसकट. तीन पाण्यांनी धुतला, तरी चौथ्या घासाला दाताखाली आख्खा चोर्ला घाट कचकन लागला.

पालकाइतका दगाबाज प्राणी मी पाहिला नाही. पातेल्यात मावेना म्हणून वरून हातानं दाबत होतो. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर तळाशी हिरवा, ओशाळलेला गोळा. चार माणसांत वाटीभर! शंभर ग्रॅम पानांत एक्क्याण्णव ग्रॅम पाणीच, असं मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. म्हणजे आम्ही म्हापशाहून पाणीच उचलून आणलं होतं.

ही मुलगी कॉलेजात जाते आणि घरात कायदे करते. शंभर ग्रॅम पालकात लोह जेमतेम 2.7 मिलिग्रॅम, आणि तेही अंगी सहज लागत नाही. म्हणून वर लिंबू पिळायचं. जेवणावर चहा नाही, तो लोह अडवतो. पालक पनीर केलं तर पनीरमधलं कॅल्शियम आडवं येतं. पालक खाऊन दातांवर खडू घासल्यासारखं होतं, ते त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे, म्हणून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून ते पाणी ओतून टाकायचं. इथे घरात युद्ध पेटलं. "सत्त्व सगळं त्या पाण्यात, आणि ते मोरीत?" म्हणत आईनं त्यात कणीक भिजवली. पोळ्या शेवाळलेल्या कौलांसारख्या दिसत होत्या. अर्थात आईचंही अगदीच चूक नव्हतं. फोलेट पाण्यात उतरतं, हेही मोबाइलनंच सांगितलं. त्या दिवशी आईला मोबाइल पहिल्यांदा आवडला.

मग पालकाची डाळ, पालकाची भजी (ही मात्र उत्तम, बेसनात आणि तेलात गेलं की कुणाचंही भलं होतं), पाववाल्या पोदेरनं आणलेल्या पोईत पालकाचं ऑम्लेट. बाराव्या दिवशी माशांच्या हुमणाच्या वासाचं स्वप्न पडलं. जागा झालो तर उशी तोंडात.

आता कबुलीजबाब. या तीन महिन्यांत दर बुधवारी मी मित्राकडे "कामानिमित्त" जात होतो. त्याची बायको तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, एकशिपी करते. नंतर मुलीच्याच मोबाइलवर चोरून पाहिलं, तर शिंपल्यात पालकापेक्षा कितीतरी जास्त लोह, शिवाय ते अंगीही पटकन लागतं. गोळ्या तर मी इमानानं घेतच होतो.

काल नवा रिपोर्ट आला. 13.1. मी बुधवारचं सत्य सांगायला तोंड उघडलं, तोवर आईनं देवापुढे साखर ठेवली होती आणि बायको काकूंना फोनवर सांगत होती, "पालकानं केलं हो सगळं!"

येत्या शुक्रवारी पाच जुड्या आणायच्या ठरल्या आहेत.