'२० मिनिटं सांगून ११च दिली' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकानाचं शटर ओढताना फोनवर दिसला आणि खरं सांगतो, नीट झोप लागली नाही. सगळ्यात आधी सॉरी. तुम्ही एवढ्या हौसेने आमच्या डेमो डेला, म्हणजे बाइक चालवून बघायच्या दिवसाला, आलात आणि नाराज होऊन गेलात, हे मलाच बरं वाटत नाहीये. तुम्ही लिहिलंय की बीएमडब्ल्यूच्या एस १००० आरआर बाइकसाठी २० मिनिटांचा स्लॉट सांगितला आणि ११च मिनिटं दिली, तीही रेन मोडमध्ये (म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात मऊ सेटिंगवर), लीड रायडरच्या, म्हणजे पुढे राहून रस्ता दाखवणाऱ्या आमच्या माणसाच्या, मागे मुंगीच्या पावलांनी, आणि मागचं सस्पेन्शन दगडासारखं होतं. वर एक स्टार, आणि "यांना फक्त गर्दी जमवायची असते" हे वाक्य.

सस्पेन्शनचं आधी सांगतो कारण ती चूक आमचीच आहे. सकाळी त्या गाडीवर अंगाने भारी असलेले एक रायडर बसले होते, त्यांच्यासाठी मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवरचा आधीचा ताण, वाढवला होता आणि तुमच्या वेळी तो परत कमी करायचा राहून गेला. तुमचं वजन कमी, त्यामुळे खड्ड्यावर गाडी तुम्हाला उडवणारच. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण ती ११ मिनिटं मनाला लागली दादा. आमच्याकडे एक साधी वही आहे, गाडी गेटमधून बाहेर पडली की आणि परत आली की माझी मिसेस स्वतः हाताने वेळ लिहिते. तुमच्या नावासमोर ११:३१ आणि ११:४२ आहे, म्हणजे तुमचा आकडा बरोबर आहे, तुम्ही खोटं काहीच लिहिलेलं नाही. पण स्लॉट ११:२० चा होता आणि ११:२० ते ११:३१ मध्ये काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तुम्ही ११:२० ला आलात तेव्हा पायात साधे स्पोर्ट शूज होते, घोटा उघडा. सकाळच्या राइडला बूट होते, मधल्या वेळात गरम होतंय म्हणून बदलून तुम्ही ते तुमच्या कारमध्ये ठेवले होते. घोटा झाकणारे बूट पाहिजेत हे फॉर्मवर लिहिलेलं आहे आणि तुमची सही त्याखालीच आहे. मी "चला जाऊ दे" म्हणू शकलो असतो, पण फूटपेगवरून पाय घसरला किंवा गाडी पायावर पडली की सगळ्यात आधी घोटाच जातो, म्हणून मी पाठवलं नाही. तुम्ही कारपर्यंत जाऊन बूट घालून आलात तोपर्यंत ११:२७ झाले. मग क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गियर बदलायची सोय) कसा वापरायचा, पुढचा ब्रेक दोन बोटांनीच कसा दाबायचा, हे सांगण्यात चार मिनिटं. ते मी कुणासाठीच सोडत नाही. आणि ११:४० ला गाडी परत यायला हवी होती, ११:४२ ला आली तरी आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि पुढच्या स्लॉटचा मुलगा तोपर्यंत हेल्मेट घालून उन्हात उभा होता, त्याचेही २० मिनिटंच होते ना.

अजून एक गोष्ट, खरं तर लिहायची नव्हती. त्याआधी तुम्ही यामाहाची आर७ घेऊन गेला होतात, ११:०० ला यायचं होतं, ११:०९ ला आलात, वळणावर मित्रासोबत फोटो काढत होतात असं तुम्हीच हसत सांगितलंत. दादा, गाडी वेळेवर परत आली नाही की माझ्या पोटात गोळा येतो. पहिला विचार गाडीचा नसतो, कुणी पडलं तर नाही ना हाच असतो. त्या नऊ मिनिटांबद्दल मी कुठे काही लिहिलं नाही.

रेन मोडबद्दल. आर७ चं इंजिन ६८९ सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, साधारण ७३ हॉर्सपॉवर, खालूनच मस्त ओढते, तुम्ही उतरताना म्हणालात "ही हातात बसली." तिच्यावरून उतरून तुम्ही थेट ९९९ सीसीच्या, २०० हॉर्सपॉवरच्या वरच्या गाडीवर बसणार होतात. शिवाय आधीच्या स्लॉटला कुणी नव्हतं, गाडी अर्धा तास सावलीत उभी, टायर गार. स्पोर्ट टायर गार असताना धड पकडच घेत नाही. म्हणून पहिला लॅप सगळ्यांना रेनमध्ये, थ्रॉटल मऊ राहतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरू न देणारी सोय, लवकर मध्ये पडतो. दुसऱ्या लॅपला लीड रायडरने थांबून तुम्हाला रोड मोड लावून दिला, हे तुमच्या रिव्ह्यूमध्ये नाही. तिसऱ्या लॅपला डायनॅमिक, म्हणजे त्याहून जोरदार मोड, देतो आम्ही, तिथपर्यंत वेळच उरली नाही. आणि त्याच दुसऱ्या लॅपला सरळ पट्ट्यात तुम्ही लीड रायडरला ओव्हरटेक केलंत. त्या पोराने स्वतःहून माझ्याकडे तक्रारही केली नाही, मी विचारल्यावर सांगितलं.

तुमची खंत कळत नाही असं नाही. त्या गाडीत ९००० आरपीएमला शिफ्टकॅम (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा) बदलतो, तिथून पुढे आवाज आणि ओढ दोन्ही बदलतं, तेच अनुभवायला तुम्ही आला होतात, आणि मीही पहिल्यांदा चालवली तेव्हा तेच शोधत होतो. पण ती गाडी पहिल्या गियरमध्येच शंभरच्या पुढे जाते, आमच्या रूटवर ती वरची हवा कुणालाच मिळत नाही, त्याला ट्रॅकच लागतो. हे आम्ही बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगायला हवं होतं, ते मान्य.

गर्दी जमवण्याचं म्हणाल तर माझ्याकडे डेमोला पाच गाड्या आहेत, त्यातल्या तीन कर्जावर. एक जरी आडवी झाली तरी फेअरिंग (गाडीचं बाहेरचं आवरण), लिव्हर, फूटपेग, सगळं माझ्या खिशातून. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघांनी फोन करून पुढचं बुकिंग कॅन्सल केलंय, एकाने सरळ विचारलं "११ मिनिटंच देता का?" त्याला काय उत्तर देऊ सांगा. हे दुकान मी बारा वर्षं चालवतोय, लोकांना गाडी फक्त बघून नाही तर चालवून कळावी म्हणूनच हा सगळा खटाटोप करतो. वेळ चोरतो असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं.

वेळेचं काहीतरी करतोय. पुढच्या वेळी दोन स्लॉटच्या मध्ये थोडी मोकळी जागा ठेवायचा विचार आहे, बूट वगैरे आधीच चेक होतील, सस्पेन्शनसाठी पण एक माणूस वेगळा बसवायचं बघतो, जमेल तसं.

तुम्हाला परत यायचं असेल तर एस १००० आरआरचा दिवसातला पहिला स्लॉट तुमचा, मागे कुणी वाट बघत नसेल, तिन्ही लॅप पूर्ण करा. फक्त लीड रायडरच्या मागेच राहा एवढी विनंती. आदल्या दिवशी फोन करून वजन सांगा, प्रीलोड मी स्वतः लावून ठेवतो.