घाटात न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचत नाही, ब्रेक मात्र जळतात

मे महिन्याची सुट्टी लागली की आणि पुन्हा गणपतीच्या तोंडावर, गावी निघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचे सहा उपाय. उतारावर गाडी न्यूट्रल करा. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवा, म्हणजे टायर फुटत नाही. सकाळी दहा मिनिटं गाडी गरम करा. एसी नको, काचा खाली घ्या. पेट्रोल पहाटेच भरा. आणि उन्हाळ्यात टाकी फुल्ल करू नका, स्फोट होतो.

पाठवणारे आपुलकीनेच पाठवतात. पण यातले पहिले दोन उपाय जिवावर बेतणारे आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर. बाकीचे चार खिशापुरते आहेत, ते पटकन आटोपता येतील.

“उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं”

हे एकेकाळी खरं होतं. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जुनी मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या गाड्या. इंजिन फिरतंय म्हटल्यावर ते हवा ओढणार आणि हवेबरोबर कार्ब्युरेटरमधून पेट्रोलही ओढणार, मग तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असो वा नसो. गिअरमध्ये उतरताना इंजिन जास्त फिरायचं, जास्त प्यायचं. न्यूट्रल केलं की फेरे कमी, खर्च कमी. तेव्हाच्या ड्रायव्हरांनी शिकवलेलं हे गणित अजून घरोघरी चालू आहे.

आजच्या गाडीत पेट्रोल इंजेक्टरमधून येतं आणि इंजेक्टर कधी उघडायचा ते कंप्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला आहे आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १२०० ते १५०० च्या वर आहेत, असं दिसलं की तो इंजेक्टर बंदच करतो. इंजिनाला चाकं फिरवत राहतात, पेट्रोल लागत नाही. न्यूट्रल केलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून कंप्युटरला पेट्रोल सोडावंच लागतं. छोट्या पेट्रोल गाडीत हे तासाला साधारण पाऊण लिटर होतं. म्हणजे वीस मिनिटांच्या घाटात न्यूट्रलवाला पाव लिटर जाळतो आणि तेवढ्याच उतारावर गिअरमध्ये उतरणारा जवळपास काहीच नाही. डिझेललाही हाच नियम लागू आहे आणि कंपनीने बसवलेल्या सीएनजीलाही.

विश्वास बसत नसेल तर पुढच्या घाटात शेजारी बसलेल्याला डॅशबोर्डवर लक्ष ठेवायला सांगा. तात्काळ मायलेज दाखवणारी पट्टी बहुतेक नव्या गाड्यांत असते. तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की ती पट्टी पार टोकाला जाते, आकडा ९९.९ वर अडकतो किंवा नुसत्या रेघा दिसतात. ताशी ५० च्या वेगात न्यूट्रल केलं तर तोच आकडा साठ-सत्तरच्या आसपास येईल. त्यालाच लोक बचत समजतात.

एक गोष्ट मान्य करायला हवी. अगदी मंद उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी हळू होत जाते आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे मोकळी सोडलेली गाडी थोडी लांब जाते. काही महागड्या ऑटोमॅटिक गाड्या हे स्वतःच, गरज पडताच क्षणात गिअर परत लावण्याच्या तयारीने करतात. घाटात मात्र प्रश्न वेग टिकवण्याचा नसून आवरण्याचा असतो.

आणि तो आवरायला किती ताकद लागते ते पाहा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. पाच माणसं आणि सामान धरून हॅचबॅक १,३०० किलोची झाली, तर त्या उतरणीत सुमारे ६४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घरातली १,००० वॅटची इस्त्री पावणेदोन तास चालू ठेवली तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. उरलेली गिअरमध्ये असताना इंजिन वाटून घेतं. न्यूट्रलमध्ये सगळी ब्रेकवर पडते, तीही पंधरा-वीस मिनिटांत.

ब्रेक तापले की दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात आणि त्यांतला फरक ओळखता यायला हवा. पहिली: पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दाबून धरणारे तुकडे, इतके तापतात की डिस्कवर धरत नाहीत. पेडल घट्टच लागतं, पण गाडी थांबत नाही, जळका वास येतो. दुसरी जास्त वाईट. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कॅलिपरपाशी, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागापाशी, ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल स्पंजासारखं होऊन तळाला जातं. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. सर्व्हिसिंगच्या बिलात ही ओळ आहे का ते एकदा बघाच.

न्यूट्रल करून वर इंजिनही बंद करणारे असतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरता उरतो, नंतर पेडल दगडासारखं. स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर लॉकही होऊ शकतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. ब्रेक फेल झाल्याची चर्चा लगेच सुरू झाली. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र उतारावर ट्रक इंजिन बंद करून सोडल्याचं पुढे आलं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, कारचे ऑइलवर, पण चूक तीच.

“गिअरमध्ये उतरलं तर इंजिन खराब होतं” ही शंकाही सोबत येतेच. ३,००० फेऱ्यांवर, पेट्रोल न जाळता फिरणाऱ्या इंजिनावर चढणीपेक्षा कितीतरी कमी ताण असतो, ऑइल पंपही चालू असतो. नुकसान होतं ते ताशी ९० वर एकदम दुसरा गिअर टाकला तर. तेव्हा गिअर एकेक करून उतरवा, आणि तेही उतार सुरू होण्याआधी.

जुने ड्रायव्हर सांगत आले तेच खरं: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. बोरघाटात बहुधा तिसरा पुरतो, आंबेनळी किंवा ताम्हिणीच्या तीव्र वळणांवर दुसरा. ब्रेकवर सतत पाय टेकवून ठेवू नका. ४० चा वेग हवा असेल तर ४५ होऊ द्या, मग दमदार ब्रेक लावून ३५ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. एएमटीमध्ये (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप बदलणारा) लिव्हर मॅन्युअलकडे घेऊन गिअर धरून ठेवा, सीव्हीटी आणि इतर ऑटोमॅटिकमध्ये लिव्हरवर एल, एस किंवा २ असेल ते वापरा. इलेक्ट्रिक गाडीत उतरताना बॅटरी भरते आणि ब्रेकही वाचतो, फक्त महाबळेश्वरच्या हॉटेलात १०० टक्के चार्ज करून लगेच पसरणी उतरायला काढू नका. भरलेल्या बॅटरीत ती वीज जायला जागा नसते, मग वेग आवरायला ती मदत मिळत नाही.

एवढं करूनही पेडल मऊ लागलं तर ते भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. एकदम खेचला तर मागची चाकं लॉक होतात. दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला राहा. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावा, अर्धा तास ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकडी होते किंवा तडकते.

“उन्हाळ्यात हवा कमी भरा”

युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो: ऊन लागलं की हवा प्रसरण पावते, टायर फुटतो, म्हणून आधीच कमी भरा. प्रत्यक्षात टायर फुटतो तो बहुतेकदा हवा कमी असल्यामुळे. हवा कमी म्हणजे प्रत्येक फेरीत टायरची बाजूची भिंत जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. एखादी तार सारखी वाकवून तोडतो तेव्हा ती वाकते तिथे बोटाला गरम लागते, तसंच. ताशी १०० च्या वेगात साध्या हॅचबॅकचं चाक सेकंदाला पंधराच्या आसपास फेऱ्या मारतं. ती उष्णता रबर आणि आतल्या दोऱ्यांना सोडवत जाते आणि शेवटी भिंतच फाटते. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ सिमेंट रस्त्यावर, १२० च्या वेगमर्यादेला, टायरला निवायला वेळच मिळत नाही.

आता प्रसरणाचा हिशेब. थंड टायरमध्ये ३३ पीएसआय (पंपावर ज्याला पॉइंट म्हणतात) असेल आणि तो २५ अंशांनी तापला, तर दाब साधारण चार पीएसआयने वाढतो, ३७ होतो. हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो, बहुधा ४४ किंवा ५१, आणि फुटण्याची मर्यादा त्याच्याही बरीच वर असते. म्हणून वाटेत पंपावर ३७ दिसले की हवा सोडून ३३ करू नका. संध्याकाळी टायर थंड झाला की तो २९ वर येईल.

किती भरायची ते पंपावरच्या मुलाला विचारू नका. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोन रकाने असतात: दोघांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघताना दुसरा रकाना बघायचा, मागच्या चाकांचा आकडा अनेकदा वेगळा असतो. हवा तपासायची ती सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत. दर महिन्याला एखादा पीएसआय आपोआप कमी होतो, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा. स्टेपनीही. नायट्रोजन भरलात तर बिघडत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यावर निर्धास्त होऊन दाब तपासणं सोडू नका.

टायरवर DOT या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी उन्हाळ्यात लांब नेण्याआधी जाणकाराला दाखवा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की तो कायद्यानेही संपला.

राहिलेले चार

सकाळी दहा मिनिटं गरम करणं हीसुद्धा कार्ब्युरेटरच्या काळातली सवय आहे. आज अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा; गिअरबॉक्स आणि टायर उभ्या गाडीत गरम होतच नाहीत. रोजची दहा मिनिटं म्हणजे महिन्याला साधारण पावणेचार लिटर पेट्रोल पार्किंगमध्येच गेलं. बंद गॅरेजमध्ये तर हे कधीच करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याच कारणाने इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका.

एसीबद्दलचा सल्ला गावात, ताशी चाळीसच्या आत, बरोबर आहे. महामार्गावर ऐंशीच्या पुढे उघड्या काचांतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो आणि बचत विरघळते. आणि पावसात घाटात काच धूसर झाली तर एसी लावायलाच हवा. तो आतली हवा कोरडी करतो, नुसत्या पंख्याने ते होत नाही.

पहाटेच्या पेट्रोलचं म्हणणं असं की थंड पेट्रोल दाट असतं, म्हणून लिटरमागे जास्त मिळतं. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. मापात खोट वाटली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा; ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे आणि ग्राहकासमोर भरून दाखवावं लागतं.

टाकी फुल्ल केल्याने स्फोट होत नाही, इंडियन ऑइलनेही हा मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलेलं आहे. प्रसरणाची जागा टाकीच्या रचनेतच सोडलेली असते. फक्त नोझल आपोआप बंद झाल्यावर “राउंड फिगर” करायला सांगू नका. वरचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरतं आणि तो निकामी करतं.

त्या मेसेजमध्ये वेगाबद्दल एक ओळही नाही, आणि खरा पैसा तिथेच आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. मोकळ्या रस्त्यावर २०० किलोमीटरला त्याने अर्धा तास वाचतो, तो हवा की पेट्रोल हे ज्याचं त्याने ठरवावं. छतावरचं कॅरिअर मात्र सामान उतरवल्यावर त्याच दिवशी काढून ठेवा. रिकामं असलं तरी ते वारा अडवतंच.