एक पोतं कोळसा आणि एक पुडी थकलेल्या रानाला पुरत नाही

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर जोरात फिरतोय: “एकरी एक पोतं बायोचार आणि एक पुडी मायकोरायझा टाका, मेलेली जमीन एका हंगामात जिवंत, खताचा खर्च बंद.” बायोचार म्हणजे पिकांचे अवशेष कमी हवेत जाळून केलेला कोळसा, मायकोरायझा म्हणजे मुळांशी जोडून राहणारी बुरशी. दोन्ही वस्तू खरोखर कामाच्या आहेत, म्हणूनच हा दावा खटकतो. एकदा पैसे वाया गेलेला शेतकरी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

आधी पोत्याचा हिशेब. एकरभर रानातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण 9 लाख किलो. त्यात 50 किलो कोळसा म्हणजे चौरस मीटरला जेमतेम 12 ग्रॅम. ज्या प्रयोगांत फरक दिसला, तिथली मात्रा बहुधा हेक्टरी कित्येक टन होती.

“अ‍ॅमेझॉनची काळी माती बघा,” असंही त्यात लिहिलंय. दक्षिण अमेरिकेतल्या त्या जंगलातली मूळ माती आम्लधर्मी, अन्नद्रव्यं न धरणारी. तिच्यात पिढ्यानपिढ्या कोळशासोबत हाडं, राख, खरकटं पडत गेलं. विदर्भ-मराठवाड्यातली भारी काळी जमीन बहुतेक ठिकाणी आधीच विम्लधर्मी आहे आणि अन्नद्रव्यं धरून ठेवते. कोळसाही बहुधा विम्लच. सामू (पीएच) साडेआठच्या घरात असेल तर माती परीक्षणाशिवाय तो ओतू नये. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत त्याला जास्त वाव आहे.

आता “खत बंद”. ताजा कोळसा सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःकडेच धरू शकतो, म्हणून तो शेणखतात किंवा स्लरीत काही आठवडे मुरवावा लागतो. मायकोरायझा हवेतलं नत्र स्थिर करत नाही. ही बुरशी मुळांच्या आवाक्यापलीकडचा स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त आणून देते, बदल्यात पिकाकडून साखर घेते. डीएपीसारखं स्फुरदाचं खत भरपूर पडलेल्या रानात पीक तिला फारसा थारा देत नाही. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक यांच्या मुळांशी तिचं जमतच नाही. तिथे पुडी वायाच. तूर, ज्वारी, मका, कांद्यावर ती वाढते. मूळची बुरशी बहुतेक रानांत असतेच, फक्त वारंवारच्या खोल नांगरटीने तिचं जाळं तुटतं.

कोळसा करायचाच तर पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून करा. बांधावर पेटवली की राख उरते. खड्ड्यात थराथराने जाळून, वरचा थर राखाडी होऊ लागताच पाणी मारलं की कोळसा मिळतो. किडक्या बोंडांतली गुलाबी बोंडअळीही त्यात जळते. शेणखतात मुरवलेला हा कोळसा कापसाच्या दोन गुंठ्यांत द्या, शेजारच्या दोन गुंठ्यांत तेवढंच शेणखत बिनकोळशाचं, आणि दोन्हीकडची वेचणी वेगळी तोला.