सव्वा किलोचा गारवा

कॉम्प्युटर उत्तम चालला होता, हेच या सगळ्याचं मूळ. एका रिकाम्या रविवारी मी बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरलो आणि प्रोसेसरचा वेग ४ गिगाहर्ट्झवरून ४.६ वर नेला. तो हँग व्हायला लागला, म्हणून व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं. पंधरा टक्के जास्त वेग, तोही फुकटात! फुकट काही मिळालं की माझी आकडेमोड बंद पडते. नाहीतर तेव्हाच लक्षात आलं असतं की वीज वेगाच्या पटीत जास्त लागते आणि व्होल्टेजच्या चक्क वर्गाच्या पटीत, आणि लागलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. हिशेब नंतर केला: वेग पंधरा टक्के, ताप पंचेचाळीस टक्के.

हा ताप उतरवायला होता प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला कूलर. अॅल्युमिनियमची एक चकती, वर इवलासा पंखा आणि प्लॅस्टिकच्या चार खुंट्या. तीन खुंट्या दाबून बसवल्या की चौथी टुणकन वर येते. चौथीची समजूत काढली की पहिली रुसते. प्रोसेसरला पूर्ण ताकदीने राबवणारी ताण चाचणी लावली. तापमान ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव... शंभराला प्रोसेसरने जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवला. पडद्यावर आकडा आला ३.७. म्हणजे एवढा खटाटोप करून मी त्याला होता त्याहून हळू केला होता. वर पंख्याचा आवाज असा, की बायकोने आतून विचारलं, "मिक्सर तू लावलायस का?"

तेव्हा नवा कूलर घेणं आलं.

पहिला प्रश्न, हवा की पाणी? पाण्याचे कूलर दिसायला राजबिंडे. तीन पंख्यांचा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, झुळझुळीत नळ्या, पंपावर दिवे. या विषयातला जाणकार मित्र म्हणाला, "घे की. फक्त पंप सगळ्यात उंचावर येऊ देऊ नकोस. हवा तिथे जमते आणि गुळगुळ करत बसतो." मला गुळगुळीचं काही नव्हतं. पण ज्याच्या हातून नळाचा वायसर धड बसत नाही, त्याने विजेवर चालणाऱ्या वस्तूच्या डोक्यावर पाणी खेळवू नये, एवढी अक्कल मला आहे.

म्हणून हवा. आणि इथे मी थक्क झालो, कारण हवेच्या कूलरमध्येही पाणी असतंच! त्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत हवा काढून घेतलेली असते आणि घोटभरही नाही इतकं पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ वर धातूच्या पातळ पत्र्यांपाशी जाऊन थंड होते, आणि पाणी नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं परत येतं. पंप नाही, वीज नाही. पुढचा आठवडाभर मी हे भेटेल त्याला सांगत होतो. लोक घाईत असायचे.

मग तुलना. हा कूलर दोन अंशांनी पुढे, तो तीन डेसिबलने शांत, तिसरा दोन्हींत मधला पण काळा. रात्री दीडपर्यंत तक्ते वाचून शेवटी नॉक्टुआ कंपनीच्या एनएच-डी१५ वर शिक्कामोर्तब केलं. सहा नळ्या, १४० मिलिमीटरचे दोन पंखे, वजन १३२० ग्रॅम आणि रंग असा तपकिरी-बदामी, की तो निवडणारा माणूस दिसण्यावर भाळला नाही हे लांबूनच कळावं. उंची १६५ मिलिमीटर. माझ्या कॅबिनेटची मर्यादा १७०. पट्टी लावून तीनदा मोजलं. पाच मिलिमीटर शिल्लक! एवढा श्रीमंत मी कधी नव्हतो.

खोकं उघडल्यावर बायको त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "अरे, हा कॉम्प्युटरच्या आत जातो की कॉम्प्युटर याच्या आत?"

बसवण्याचं फार सांगत नाही. मागच्या बाजूला आधाराची पट्टी लावायला अख्खा मदरबोर्ड बाहेर काढला. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणाऱ्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवला, तो कमी वाटला म्हणून थोडा वाढवला, मग जास्त वाटला म्हणून पुसून पुन्हा ठेवला. स्क्रू आलटून पालटून, दोन-दोन वेढे. सगळं नीट झालं आणि पुढचा पंखा बसेना.

खाली रॅम होती. माझी रॅम साधी नाही, तिच्या डोक्यावर पत्र्याचा तुरा आहे. तुऱ्यासकट उंची ४४ मिलिमीटर. पंख्याखाली जागा ३२. हे कंपनीने स्वच्छ छापलेलं होतं. मी तीनदा मोजलं ते कॅबिनेट. मार्ग एकच, पंखा बारा मिलिमीटर वर सरकवायचा. सरकवला. १६५ अधिक १२, १७७. कॅबिनेटचं झाकण सात मिलिमीटर उघडं राहिलं. दाबून पाहिलं. गुडघा लावून पाहिलं. मित्राला फोन केला.

"पुढचा पंखा काढून टाक," तो म्हणाला. "पत्र्यांच्या मधला एकटा पुरतो. दोन-तीन अंशांचा फरक."

काढला. ताण चाचणी लावली, तापमान चौऱ्याहत्तरवर थांबलं, वेग ४.६ आणि आवाज जवळजवळ नाहीच. बायको येऊन बघून गेली, बंद आहे असं समजून तिने बटण दाबलं.

उरलेला पंखा फेकवेना. लांब वायर जोडून तो टेबलावर माझ्याकडे तोंड करून लावलाय. सध्या मी बत्तीस अंशांच्या खोलीत स्थिर आहे.