परीक्षा शिक्षकांची, शेरे बाकीच्यांचे

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. झालं, आमच्या घरच्या ग्रुपला विषय मिळाला. बँकेतून निवृत्त झालेले भाऊजी लिहितात, 'एवढी साधी परीक्षा जमत नसेल तर हे पोरांना काय शिकवणार?' खाली अंगठ्यांची रांग. भाऊजींना पन्नाशीत कुणी बँकेची परीक्षा परत द्यायला लावली होती का, असं मी टाईप केलं आणि पुसलं. घरातला जावई माणूस.

पण डोक्यातून जात नाही. इथे इंग्लंडमध्ये एका विद्यापीठात मी पीजीसीईच्या, म्हणजे इथल्या बी.एड.सारख्या कोर्सच्या, विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र कसं शिकवायचं ते शिकवते, म्हणून असेल. इथेही भावी शिक्षकांना गणित आणि इंग्रजीची संगणकावर एक परीक्षा द्यावी लागे. २०२० मध्ये ती बंद झाली. आभाळ कोसळलं नाही. आपल्याकडे मात्र परीक्षेवर अपार श्रद्धा. २०१९ च्या टीईटीत पैसे देऊन पास झालेल्यांची यादी साडेसात हजारांच्या वर गेली, तरी ही श्रद्धा ढळत नाही.

इथे खरी कसोटी पाठ संपल्यावर लागते. मागच्या टर्मला माझी एक विद्यार्थिनी नववीला विद्युतमंडल शिकवत होती. आवाज खणखणीत, स्लाईड्स सुंदर. तिची मेंटॉर मागे सीटिंग प्लॅन घेऊन बसलेली. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापर्यंत एक रेघ, बस, एवढंच ती करत होती. तास संपल्यावर कागद पुढे सरकवला. सगळ्या रेघा खिडकीकडच्या पहिल्या दोन बाकांवर. पोरगी लाल झाली. पुढच्या पाठाच्या टाचणात तिने फक्त एकच गोष्ट सुधारायची होती: रेघा पसरवायच्या.

गेल्या डिसेंबरात घरी गेले तेव्हा ओळखीतून एका बी.एड. कॉलेजात दोन तास बोलायला गेले. तिथल्या निरीक्षण वह्या चाळल्या. 'पाठ चांगला झाला. फलक लेखन सुधारावे.' पानामागून पान तेच, खाली सही. आता गंमत बघा. दोन वर्षांच्या बी.एड.ला २० आठवडे शाळेत काढावे लागतात, इथे पीजीसीईला १२० दिवस. कागदावर फार फरक नाही. मी जरा वरच्या पट्टीत म्हटलं, 'सर, निरीक्षण असं कसं?' मेथडचे, म्हणजे विषय कसा शिकवायचा ते शिकवणारे, सर चहा ओतता ओतता म्हणाले, 'मॅडम, मी तासिका तत्त्वावर आहे. सकाळी दोन शाळांत मिळून चार पाठ बघायचे, अकराला इथे तास. पूर्ण पाठ एकाचाही बघून होत नाही.' मग मी चहाच प्यायले.

भाऊजींच्या बोलण्यात हे सर कुठेच नाहीत. ज्या माणसाने वर्गात मागे बसायचं त्याला बसायला वेळ नाही, पगार नाही, आणि आपण भांडतोय ते पेपरवर.

इथल्या स्टाफरूममध्ये माझं उलटं होतं. एक सहकारी सहज म्हणाली, 'तुमच्याकडे सगळं पाठांतरच ना?' मी जी सुरू झाले! मुलांना कृतीतून शिकवण्यासाठी गाजलेला साताऱ्याचा शाळांचा गट कुमठे बीट, जिल्हा परिषदेच्या शाळांतली रंगवलेली फरशी, जमिनीवर बसून काड्यांचे गठ्ठे बांधत दशक शिकणारी पहिलीची मुलं. ती बिचारी सँडविच हातात धरून ऐकत राहिली. निरीक्षण वह्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आणि घरच्या ग्रुपवर हे सांगत नाही की इथे शिक्षक झालेल्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा पाच वर्षांत शाळा सोडतो, आणि भौतिकशास्त्रासाठी सरकारने प्रशिक्षणाच्या वर्षाला २९,००० पौंड बर्सरी, म्हणजे विद्यावेतन, ठेवली तरी जागा रिकाम्या राहतात. तिकडे आमच्या जिल्ह्यात १६,००० रुपये मानधनावर शिक्षणसेवक व्हायला पोरं वर्षानुवर्षं भरतीची वाट बघतात. मीही बघितली होती. जाहिरात काही आली नाही, लग्न आणि व्हिसा आला. त्यामुळे आपल्या शिक्षकांची बाजू घ्यायला मी सगळ्यांत पुढे असते खरी, पण त्यांच्यातली एक म्हणून मला कुणी मोजत नाही. मोजावं तरी का?

त्या दिवशी कॉलेजात मी रेघांच्या कागदाची गोष्ट रंगवून सांगितली. प्रश्न विचारा म्हटलं, तर मागून एकीने विचारलं, 'मॅम, आमचं बी.एड. तिकडे चालतं का?' चालतं. २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांनाही इथल्या क्यूटीएससाठी, म्हणजे पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी, अर्ज करता येतो. गणित, विज्ञान किंवा भाषा विषय हवा, अकरा ते सोळा वयाच्या मुलांना शिकवायची पात्रता हवी, आणि अनुभव हवा. वह्या भराभर उघडल्या. तासभरात पहिल्यांदाच सगळे लिहून घेत होते.

मेथडचे सर दारापर्यंत सोडायला आले. हसत म्हणाले, 'आमची पोरं पळवायला आलात होय?' मीही हसले. त्या आठवड्यात तिघींचे मेल आले. तिघींनाही मी सगळ्या अटी नीट लिहून पाठवल्या.