अलाबामातला एकटा मिशिगनवाला

अलाबामात कोणी नवीन राहायला आलं की त्याला नाव, गाव, नोकरी वगैरे विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारतात, अलाबामा की ऑबर्न? म्हणजे या दोन युनिव्हर्सिट्यांपैकी तुमची फुटबॉल टीम कुठली. "मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही हो" हे उत्तर चालत नाही, समोरच्याला वाटतं हा काहीतरी लपवतोय. आम्ही हंट्सव्हिलला आलो तेव्हा हा प्रश्न मला बँकेत विचारला, इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाने विचारला, आणि दाताच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात अर्धी हत्यारं असताना विचारला. मी एमएस केलं ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीत, तिकडच्या बर्फात दोन हिवाळे काढलेत, त्यामुळे मी प्रामाणिकपणे "मिशिगन" म्हणायचो. यावर लोक एकदम मवाळ व्हायचे आणि घरी सगळे बरे आहेत ना विचारायचे.

पण खपून जायचं. मिशिगन कुठे तिकडे वर कॅनडाच्या उंबरठ्यावर, अलाबामा इकडे खाली, दोघांची लीग वेगळी, सीझनमध्ये एकमेकांचं तोंड बघायची वेळ सहसा येत नाही. आली तर ती येते बाउल गेममध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॉलेज फुटबॉलचा सीझन संपला की डिसेंबर-जानेवारीत या बाउल मॅचेस असतात, बऱ्याचशा उबदार गावांत, आणि त्यात लांबलांबच्या, एरवी कधी न भेटणाऱ्या टीम समोरासमोर येतात. नावं म्हणाल तर ऑरेंज, शुगर, कॉटन, आणि आता स्पॉन्सरच्या कृपेने काहीही. एका बाउलमध्ये जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बादलीभर मेयॉनीज ओततात. २०२३ ला पॉप-टार्ट्स बाउल निघाला, त्यात मॅच संपल्यावर मॅस्कॉटच टोस्टरमध्ये घातला आणि खालून निघालेलं भलंमोठं पॉप-टार्ट जिंकलेल्या पोरांनी मैदानातच फस्त केलं. या सगळ्यांची आजी म्हणजे पासाडेनाचा रोझ बाउल, १९०२ पासूनचा.

तर ३ डिसेंबर २०२३, रविवार, प्लेऑफच्या, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या मॅचेसच्या, चार टीम जाहीर झाल्या. एक नंबर मिशिगन, चार नंबर अलाबामा, सेमीफायनल १ जानेवारीला रोझ बाउलमध्ये. मी टीव्ही बंद केला आणि बायकोला म्हटलं, आपण महिनाभर भारतात जाऊन येऊया का. ती म्हणाली आई कालच भारतातून आल्यात.

तासाभरात बेल वाजली. शेजारचे काका. सत्तरीचे, माजी इंजिनिअर, डोक्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक चौकड्यांची हॅट, जी त्यांचे जुने कोच बेअर ब्रायंट घालायचे म्हणून अख्खं राज्य घालतं. हातात स्मोक केलेलं चिकन आणि वाडगाभर पांढरा सॉस, हा मेयॉनीज आणि व्हिनेगरचा सॉस आमच्या उत्तर अलाबामाची खासियत आहे, बाकीची अमेरिका त्याच्याकडे संशयाने बघते.

"अभिनंदन," काका म्हणाले, "फार भारी टीम आहे तुमची. आमच्या पोरांचं काही खरं नाही."

इथून खरा छळ सुरू झाला. मला वाटलं होतं टोमणे मारतील, शिव्या देतील, त्याची तयारी होती, आपण काय कमी भांडलोय का आयुष्यात. पण दक्षिणेतला माणूस बाउलच्या आधी तुमची स्तुती करतो. आणि स्तुतीला उत्तर म्हणून तुम्हाला त्याची करावी लागते, मग तो स्वतःला अजून खाली पाडतो, मग तुम्ही त्याच्याही खाली जायचं. मी म्हटलं छे हो काका, तुमच्याकडे निक सेबनसारखे कोच आहेत, एकट्या अलाबामात सहा वेळा नॅशनल चॅम्पियन, आम्ही कोण. काका म्हणाले अरे आम्ही तर टेक्सासकडून घरच्या मैदानात हरलो, साऊथ फ्लोरिडासमोर फक्त १७ पॉइंट झाले, लाज वाटते. मी म्हटलं आम्ही मागच्या वर्षी टीसीयूकडून ५१-४५ हरलो, त्याच्या मागच्या वर्षी जॉर्जियाने ३४-११ धुतलं. काका म्हणाले, "हो का? मला आठवतच नव्हतं." त्यांना दोन्ही मॅचेसचा क्वार्टरवार स्कोअर पाठ होता हे मला नंतर कळलं. जाताना म्हणाले, "शेवटचे चॅम्पियन कधी होतात रे तुम्ही?" मी म्हटलं १९९७. "छान वर्ष होतं," म्हणाले, "तेव्हा फोनला अँटेना असायची."

असं रोज. सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलं की स्तुती, पोस्ट आणायला गेलं की स्तुती, आणि दर वेळी हातात काहीतरी खायला, म्हणजे तोंड भरलेलं असल्याने उलट बोलायची सोय नाही. मी एकदा जमवून १९०२ काढलं. पहिलावहिला रोझ बाउल मिशिगननेच जिंकला, स्टॅनफर्डला ४९-० मारलं, आणि मॅच इतकी एकतर्फी झाली की आयोजकांनी १९१६ पर्यंत फुटबॉलच बंद ठेवलं आणि मधल्या काळात रथांच्या शर्यती लावल्या. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि १९२६ काढलं. अलाबामा २०, वॉशिंग्टन १९. दक्षिणेच्या टीमला तोवर कोणी विचारत नव्हतं, त्या एका मॅचने विचारायला लागले. आजोबांनी वडिलांना सांगितलेलं, वडिलांनी यांना, आणि हे सांगताना काकांचे डोळे खरंच भरून आले, आता अशा माणसाला उलट काय बोलणार. मी सॉस संपवला.

मग चोरीचं प्रकरण. झालं असं होतं की त्या ऑक्टोबरमध्ये मिशिगनवर सिग्नलचोरीची चौकशी लागली. मैदानाबाहेरून कोच लोक हातवारे करून, चित्रांचे बोर्ड दाखवून पुढची खेळी कळवतात. ते टीव्हीवर बघून ओळखलं तर गुन्हा नाही, पण समोरच्याच्या आधीच्या मॅचेसना माणूस पाठवून हेरगिरी करायला बंदी आहे. आमच्या एका स्टाफवाल्याने लोकांना तिकिटं काढून देऊन तेच केल्याचा आरोप झाला, त्याने राजीनामा दिला, कोच जिम हार्बॉना सीझनच्या शेवटच्या तीन मॅचेस बाहेर बसवलं. आता यात माझा काय संबंध? मी ॲन आर्बरला फक्त थर्मोडायनॅमिक्स केलं होतं. पण त्या डिसेंबरात मी गल्लीत फिरायला निघालो की माणसं बोलता बोलता तोंडावर हात धरायची, कोच धरतात तसा. काकू ग्रिलवर काही भाजत असल्या की मला बघून मसाल्याच्या डब्यावर टॉवेल टाकायच्या. चर्चच्या पॉटलकमध्ये मी जेवणाचा फोटो काढायला फोन वर केला तर टेबलावरचे सगळे एकदम ओरडले, "फिल्म करतोय!" पाद्री सुद्धा. हसून हसून पुरेवाट. पासाडेनाला गेलेल्या अलाबामाच्या पोरांनी खरोखरच सांगितलं की आता एकेकट्याने आयपॅडवर सरावाची फिल्म बघणं बंद केलंय, ती बातमी तर काकांनी प्रिंट काढून आमच्या पोस्टाच्या पेटीत टाकली.

यात माझ्या बाजूने कोण, तर ऑफिसातला ऑबर्नवाला. एरवी हा माणूस माझ्याशी फक्त प्रिंटरबद्दल बोलायचा. ३ डिसेंबरनंतर अचानक माझ्यासाठी रोज कॉफी आणायला लागला, माझ्या खांद्यावर हात ठेवून "आपण जिंकणार" म्हणायला लागला. आपण! त्याचं दुःख ताजं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी ऑबर्न-अलाबामा मॅच, ऑबर्न चार पॉइंटने पुढे, अलाबामाचा शेवटचा चान्स आणि ३१ यार्ड पाहिजे होते, एवढं कधी कोणाला मिळत नसतं, आणि त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मिलरोने, चेंडू थेट गोलच्या कोपऱ्यात बाँडच्या हातात टाकला. २७-२४. तेव्हापासून ऑफिसात ३१ हा आकडा कोणी त्याच्यासमोर उच्चारत नाही. ३१ डिसेंबरचा काय प्लॅन असं एकाने विचारलं तर तो उठून गेला.

त्याच्याकडे बघून मला काकांच्या गोडव्याचं कोडं सुटलं. खरं वैर असतं ते भावकीत. बांधाला बांध लागलेला, एकाच घरात नवरा अलाबामा बायको ऑबर्न, गाडीवर 'हाऊस डिव्हायडेड' ची पाटी, तिथे माणसं काय वाटेल ते करतात. २०१० ची मॅच ऑबर्नने जिंकल्यावर अलाबामाच्या एका भक्ताने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक झाडांना विष घातलं, वर रेडिओला फोन करून स्वतःच ते सांगितलं, जेलमध्ये गेला. झाडं शेवटी २०१३ ला तोडावी लागली. आम्ही मिशिगनवाले पडलो सोयरे, कधीतरी लग्नकार्यात भेटणारे, आमच्याशी मानपान आणि चेष्टा. काकांनी मला कधी वाईट शब्द दिला नाही. ऑबर्नचं नाव मात्र त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलंच नाही, "ते तिकडचे लोक" एवढंच म्हणायचे. आणि मलाही ओहायो स्टेटबद्दल बोलायला लावू नका, इथे लहान मुलं वाचत असतील.

आता आई. साताऱ्याहून येऊन एक दिवस झाला होता, जेटलॅगमध्ये पहाटे उठून खिडकीत उभी होती, आणि समोर काकांच्या पोर्चवर हत्तीचा झेंडा. अलाबामाचं चिन्ह हत्ती आहे, १९३० मध्ये एका वार्ताहराने त्यांच्या धिप्पाड पोरांना हत्ती म्हटलं तेव्हापासून चिकटलं. आईने हात जोडले. मी खाली येईपर्यंत तिचं मत पक्कं झालं होतं, की माणसं चांगली आहेत. मी सगळं समजावलं, तो गणपती नाहीये, ती फुटबॉल टीम आहे, आणि ती आपल्या विरुद्ध आहे.

"आणि तुमचं काय जनावर?"

मी फोनवर वुल्व्हरिनचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला. "हे घुशीसारखं काय आहे? याच्यासाठी तू भांडतोस?"

काकांना हे कळल्यावर त्यांचा आनंद गगनात मावेना. रोज संध्याकाळी आईला अंगणातून "रोल टाइड!", ही अलाबामावाल्यांची घोषणा, आणि आई इकडून हात हलवून "टाइड, टाइड!" तिला वाटत होतं हे गुड इव्हनिंगचं काहीतरी आहे, निदान मला असं वाटत होतं, कारण पुढच्या आठवड्यात तिने काकूंकडून अलाबामाचा लाल स्कार्फ घेतला. त्यात ३० डिसेंबरला संकष्टी आली. आईने उपास केला, चंद्रोदयाला मोदक केले आणि त्यातले अर्धे शेजारी पोचवले. मी विचारलं, तू काही मागितलं नाहीस ना? म्हणाली, "मी कशाला मागू? म्हटलं ज्याचं त्याला मिळू दे." हे वाक्य कुठल्या बाजूचं आहे यावर मी रात्री दोन वाजेपर्यंत विचार केला.

पैज अशी ठरली की हरेल त्याने जिंकणाऱ्याचा झेंडा आठवडाभर दारावर लावायचा. १ जानेवारीला, आमच्या दुपारी चारला, काकांकडे वीसेक माणसं लाल कपड्यांत, आई सुद्धा, आणि माझ्यासाठी एकच निळी खुर्ची, तीही टीव्हीकडे पाठ करून ठेवलेली. सिग्नल दिसू नयेत म्हणून. मॅचचं मी फार सांगत नाही, ज्यांनी बघितली त्यांच्या हृदयाला माहीत आहे. त्यांनी लाथेने लांब मारलेला एक चेंडू आमच्या पोराच्या हातातून सुटला तेव्हा काका माझ्याकडे वळून म्हणाले, "फार चांगली टीम आहे तुमची," तेव्हा मात्र मला त्यांची हॅट खाऊन टाकावीशी वाटली. शेवटच्या दीड मिनिटात २०-२० बरोबरी, ओव्हरटाइम, आमचा कोरम घुसला, आणि मग तीन यार्डांवरून शेवटच्या प्रयत्नात मिलरोला आमच्या पोरांनी दाबला. २७-२०. खोलीत शांतता. मी एकटाच उभा. ओरडावं तर वीस लाल माणसं आणि माझी जन्मदाती, न ओरडावं तर १९९७ पासून वाट बघतोय. शेवटी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ओरडलो. बाहेर आलो तर काकांनी हात पुढे केला, "छान खेळलास." जसं काही मीच बॉल घेऊन पळालो होतो.

झेंडा त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः लावला, लेव्हल ठेवून, इंजिनिअर माणूस. ८ तारखेला आम्ही वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून चॅम्पियन झालो आणि मी मोठ्या मनाने काढा म्हणून सांगायला जाणार होतो, पण दोन दिवस गेले असेच आणि १० तारखेला निक सेबन रिटायर झाले. राज्यात सुतक. त्या दिवशी काका घराबाहेर पडले नाहीत, आणि अख्ख्या गल्लीला दिसत होतं की सेबन गेले त्या संध्याकाळी यांच्या पोर्चवर मिशिगनचा झेंडा फडकतोय. ऑबर्नवाला खास गाडी काढून फोटो काढायला आला, त्याला मी कोपऱ्यावरूनच परत पाठवला. आईने शिऱ्याचं पातेलं भरलं आणि म्हणाली जाऊन ये, अशा वेळी जायचं असतं. मी गेलो. आम्ही दोघं पोर्चवर बसलो, मी मनापासून म्हटलं, फार मोठा कोच. काका काही बोलले नाहीत, शिरा मात्र सगळा खाल्ला.

दोन आठवड्यांनी, २४ जानेवारीला, आमचे हार्बॉ एनएफएलमध्ये चार्जर्सकडे निघून गेले. बातमी येऊन पंधरा मिनिटं झाली नसतील, बेल वाजली. काका, हॅट छातीशी धरलेली, मागे काकू, हातात केळ्याचं पुडिंग.

"वाईट वाटलं ऐकून," काका म्हणाले. मी पुडिंग घेतलं आणि काकूंना म्हटलं, सुंदर वास येतोय, काय काय घातलंय यात?

काकूंनी काकांकडे बघितलं, आणि दोघांनी एकदम तोंडावर हात धरला.