केळकर संग्रहालयाचे केळकर संस्थानिक नव्हते

पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दल एक मजकूर व्हॉट्सअॅपवर जोरात फिरतोय. त्याचा आशय असा: केळकर हे संस्थानिक, घराण्यातला राजेशाही ऐवज त्यांनी हौसेने मांडला, आणि वस्तू काचेआड ठेवून कारागिरांच्या हाती काहीच पडलं नाही.

दिनकर केळकर ऊर्फ काका राजे नव्हते. राजा हा त्यांचा मुलगा; तो सातव्या वर्षी गेला आणि संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. काकांचं घराणं चष्म्याच्या व्यवसायातलं. ते स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत.

ऐवज वडिलोपार्जितही नाही. 1920 च्या सुमारास सुरुवात करून पुढची कित्येक दशकं त्यांनी देशभर हिंडून एकेक वस्तू मिळवली. पत्नी कमलाबाईंची साथ होतीच. संग्रह वीस हजारांच्या घरात गेला आणि तो त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. खासगी हौस म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

'राजेशाही' या शब्दाचा तर मला रागच येतो. तिथे मस्तानी महाल आहे, मान्य. पण जीव अडकतो तो अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती यांच्यात. वज्री बघा: पाय घासायची साधी वस्तू. खालची बाजू खरखरीत, टाच घासली जावी म्हणून. आणि वर मुठीच्या जागी धातू ओतून वस्तू घडवणारा ओतारी पक्षी किंवा प्राणी घडवतो. न्हाणीघरात कोण बघणार होतं ते? तरी त्याने हात आखडता घेतला नाही. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पण त्याचं काम जपावं असं काकांना वाटलं.

राहिला काचेचा आक्षेप. काकांनी कारागिरांना रोजगार दिला असा माझा दावा नाही. पण स्टील घरात आल्यावर पितळ-तांबं वजनावर मोडीत जाऊ लागलं. भांडं वितळलं की त्याचा घाट, त्यावरची नक्षी, सगळंच गेलं. आज कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके द्यायचं काम, करणाऱ्या एखाद्या पोराला जुना घाट पुन्हा उचलायचा असेल, तर समोर ठेवायला मूळ नमुना लागतो. असे नमुने बाजीराव रस्त्यालगतच्या या संग्रहालयात, आळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.